सिगार: पुण्याच्या हवेत साठवण, कापताना उकलणारा रॅपर आणि खोक्याची पारख

कर्वेरोडकर

मंडळी, जाणकारांकडून नेमकी उत्तरं हवी आहेत. आधी सामान काय आहे ते सांगतो.

ऑनलाइन घेतलेला ५० सिगारचा लाकडी ह्युमिडोर (सिगार योग्य ओलाव्यात ठेवायचा डबा), झाकणात काट्याचा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा), आत ओल देणारा हिरव्या फोमचा ह्युमिडिफायर. सिगार एकूण ३०: दुबईहून आलेलं क्यूबन मॉन्टेक्रिस्टो नंबर ४ चं २५ चं खोकं आणि सेलोफेनमधले ५ निकाराग्वाचे रोबुस्टो (आखूड, जाड आकाराचे). सगळं एकत्रच ठेवलंय.

१) काटा ७२ टक्के दाखवतो, तरी सिगार हाताला कडक लागतात. बोटांत हलके दाबले की करकर वाजतात. असं का?

२) आता एप्रिल. दुपारी घर ३४-३५ अंशांपर्यंत तापतं, हवा ठणठणीत कोरडी. जूननंतर सगळं उलट होणार. दोन्ही ऋतूंना एकच बंदोबस्त पुरेल का?

३) कटर दोन पात्यांचा आहे. कापताना ठीक वाटतं, पण सिगार निम्मा होईस्तोवर तोंडाकडून रॅपर, म्हणजे वरून गुंडाळलेलं पान, सुटायला लागतो.

४) खोकं अस्सल आहे का, हे घरच्या घरी कसं तपासायचं? शिवाय एका व्हॉट्सॲप ग्रुपवर काचेच्या झाकणाचं कोहिबाचं (हाही क्यूबन ब्रँड) २५ चं खोकं ९,००० रुपयांत मिळतंय. घ्यावं का?

---

दर्यावर्दी

चौथ्याचा शेवट आधी: नका घेऊ. कोहिबा काचेच्या किंवा पारदर्शक झाकणाच्या खोक्यात कधीच येत नाही. तेवढं एक लक्षण पुरेसं आहे, पुढे सील-बिल बघत बसायचं कारण नाही. आणि २०२२ मध्ये कोहिबाचे भाव जगभर वाढवले गेले, तेव्हापासून अधिकृत दुकानात एका रोबुस्टोलाच काही हजार रुपये मोजावे लागतात. ९,००० ला २५ म्हणजे नगाला ३६० रुपये.

आता पहिला प्रश्न. सिगार करकरतोय, म्हणजे कोरडा आहे, आणि काटा ७२ म्हणतोय, तर खोटं काटाच बोलतोय. ह्युमिडोरसोबत फुकट येणारे काट्याचे हायग्रोमीटर १०-१५ टक्क्यांनी सहज चुकतात. मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये, वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिप-लॉक पिशवीत हवाबंद करून २४ तास एका जागी ठेवा. ओल्या मिठावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते, म्हणून आकडा ७५ यायला हवा. ८५ आला तर यंत्र १० जास्त दाखवतंय. तेवढे वजा करून वाचायचं. पिशवी उघडून वाचलं तर उपयोग नाही, बाहेरूनच बघा. काट्याऐवजी छोटा डिजिटल घ्या, पण त्यालाही हीच परीक्षा.

दुसरं कारण लाकूड. नवा ह्युमिडोर न मुरवता भरला तर आतलं कोरडं लाकूड ओल पितं, आधी फोमची आणि मग सिगारची. ओल्या फडक्याने लाकूड पुसण्याचा सल्ला जिथे तिथे मिळतो. माझ्या मते तो धोक्याचा आहे: पाणी एका बाजूनेच लागतं, पातळ अस्तर फुगतं आणि झाकण बसेनासं होतं. त्यापेक्षा सिगार बाहेर काढून ८४ टक्क्यांचे बोवेडा पॅक (हवेतली आर्द्रता ठरावीक टक्क्यांवर ठेवणाऱ्या पुड्या), ६० ग्रॅमचे दोन, ५० च्या ह्युमिडोरमध्ये ठेवून १४ दिवस झाकण लावून टाका. मधे उघडून बघायचं नाही. हे पॅक मिळाले नाहीत तर वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवून आठवडाभर बंद ठेवलं तरी भागतं, फक्त वाटी लाकडाला चिकटून नको.

हिरवा फोम काढून टाका. त्यात नळाचं पाणी घातलं तर क्षार साचून छिद्रं बुजतात आणि वर बुरशी धरते. डिस्टिल्ड वॉटर घातलं तरी तो फक्त ओल सोडतो, जास्तीची ओढून घेत नाही. एप्रिलमध्ये निभेल, जुलैमध्ये घात होईल. बोवेडाच्या पॅकमध्ये मिठाचं संपृक्त द्रावण असतं. बाष्प दोन्ही दिशांनी जाऊ देणाऱ्या पडद्यातून ते हवेला ओल देतं आणि जास्त झाली तर परतही घेतं. ह्युमिडोरच्या क्षमतेच्या दर २५ सिगारला ६० ग्रॅमचा एक पॅक हा हिशोब. तुमच्याकडे सिगार ३० असले तरी डबा ५० चा आहे, म्हणून दोन लावा. फोम आणि पॅक एकत्र नको, किंवा ६५ चा आणि ७२ चा पॅकही एका डब्यात नको. एक सोडणार आणि दुसरा ओढणार, दोन्ही लवकर संपणार.

आता आर्द्रता किती ठेवायची? पुस्तकातला ७० टक्क्यांचा आकडा साधारण २१ अंश तापमान गृहीत धरतो. आपल्या घरात वर्षातले कितीतरी महिने २७-२८ च्या खाली पारा उतरत नाही. त्या उष्म्यात ७० टक्के म्हणजे बुरशीला आणि किड्याला आवतण. आपल्याकडे ६५ ठेवा. क्यूबन असतील तर ६२ सुद्धा चालेल, उलट सरळ जळतात.

---

लाकूडकाम

दर्यावर्दींच्या उत्तराला लाकडाची पुरवणी.

ह्युमिडोरच्या आत जे 'स्पॅनिश सीडार' लागतं ते खरं तर सीडार नाही. सेड्रेला जातीचं झाड, कडुनिंबाच्या कुळातलं. आपल्याकडचं तून लाकूड त्याचं जवळचं नातलग. 'हिमालयन सीडार' म्हणून विकलं जातं तो देवदार, तो चीड-पाइनच्या कुळातला. देवदारात तेल असतं. ते गरमीत सुटतं आणि महिनाभरात प्रत्येक सिगारला तोच उग्र, रंगासारखा वास लागतो. तो नंतर जात नाही. डबा उघडल्यावर नाकात झणका बसत असेल तर त्यात सिगार ठेवू नका. खऱ्या अस्तराचा वास मंद आणि किंचित मसालेदार असतो. आतून वॉर्निश किंवा पॉलिश मारलेलं असेल तर तो डबा दागिन्यांना वापरा.

झाकण घट्ट आहे का बघायला कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि ओढा. चारही बाजूंनी अडखळत यायला हवी. एका बाजूने सहज सुटली तर तिथून हवा जाते. किंवा मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा, खोलीत अंधार करा, फट दिसते.

खरं सांगायचं तर ३० सिगारसाठी लाकडी डब्याचा अट्टाहास नको. रबरी गास्केट आणि चार बाजूंना क्लिप असलेला जेवणाचा हवाबंद डबा घ्या, पाच-सहा लिटरचा. साबणाने धुवा, उन्हात वाळवा, वास जाईपर्यंत चार-पाच दिवस उघडा ठेवा. सिगारच्या खोक्यांत पातळ लाकडी पत्रे असतात ते आत घाला. ६५ चा ६० ग्रॅमचा एक पॅक, छोटा डिजिटल हायग्रोमीटर, झालं. पाव भाग मोकळा राहू द्या. लाकडी डब्यात दोन-तीन महिन्यांत कोरडा पडणारा पॅक इथे त्याहून कितीतरी जास्त टिकतो, कारण बाहेरची हवा आत येतच नाही. मात्र आठवडा-पंधरवड्यातून एकदा मिनिटभर झाकण उघडून हवा बदला, नाहीतर आत कोंदट वास धरतो.

आता कापणं. सिगारच्या तोंडाला जी कॅप असते ती रॅपरचं शेवटचं टोक धरून ठेवते. सगळा खेळ तिच्यावर. कॅप जिथे गोल डोक्यावरून सरळ अंगावर उतरते त्याला खांदा म्हणू. छेद खांद्याच्या वरच हवा. मॉन्टेक्रिस्टो ४ सारख्या ४२ रिंग गेजच्या (रिंग गेज हे जाडीचं माप) सिगारला वरून दीड-दोन मिमी पुरे. क्यूबन सिगारला कॅपच्या दोन-तीन बारीक रेघा दिसतात. सगळ्यात खालच्या रेघेच्या वर राहिलात तर रॅपर सुटणार नाही. त्या रेघेखाली गेलात की धरून ठेवणारं काही उरत नाही. रॅपर लगेच उकलत नाही, ओठांची ओल आणि उष्णता लागली की निम्म्यावर उकलतो. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे.

अंदाज येत नसेल तर कटर टेबलावर आडवा ठेवा, सिगार उभा धरून डोकं भोकात टेकवा आणि कापा. पात्याखालच्या जाडीमुळे आपोआप दोन-अडीच मिमीच जातं. गोल डोक्याला हा उपाय बिनचूक. टोकदार डोक्याचा असेल, म्हणजे मॉन्टेक्रिस्टो २ सारखा, तर हा प्रकार नको. तिथे टोकापासून तीन-चार मिमी कापा, ओढून बघा, धूर कमी वाटला तरच अजून एक मिमी.

पातं फिरवताना आधी दोन्ही पाती कॅपला नुसती टेकवा, जागा ठरवा, मग एका झटक्यात मिटा. हळूहळू दाबलं की पातं कापत नाही, चेंगरतं. कोरड्या कॅपला तडा जातो आणि तो तडा खाली पळतो. कापण्याआधी ओल्या बोटाने कॅप हलकी ओलावून दहा सेकंद थांबा. एकाच पात्याचे स्वस्त कटर एका बाजूने ढकलतात, म्हणून दुसरी कड फाटते. दोन पात्यांचा आहे हे उत्तम, पण कागदाची कडा स्वच्छ कापतो का बघा. नाही कापली तर बदला, धार लावण्याच्या भानगडीत पडू नका. पात्यांवर डांबरासारखा चिकटा साचतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यायचा.

व्ही-कट, म्हणजे कॅपमध्ये खाच पाडणारा कटर, जाड सिगारला छान, ५० रिंग गेजपासून पुढे. ४२ ला तो खोल जातो आणि कॅपचा फारच थोडा भाग उरतो. पंच, म्हणजे नुसतं गोल भोक पाडणारा कटर, कॅपला सगळ्यात कमी दुखावतो, पण छोट्या भोकाशी डांबर गोळा होऊन शेवटी शेवटी कडवट लागतं, आणि टोकदार डोक्याला तर तो चालतच नाही. रिंग गेज म्हणजे सिगारची जाडी इंचाच्या ६४ व्या भागांत मोजलेली. ४२ म्हणजे साधारण १६.७ मिमी जाडी, ५० म्हणजे १९.८. कटर घेताना भोक ५४ तरी आहे का विचारा, नाहीतर उद्या जाड सिगार अडकेल.

सुटलेला रॅपर चिकटवायला जॅमला वापरतात ते पेक्टिन पाण्यात कालवून बोटाने लावा, मिनिटभर धरा. फेव्हिकॉल लावणारे महाभाग असतात, म्हणून मुद्दाम लिहितो: खाण्यायोग्य नसलेलं काहीही नको. आणि सिगारवरची ब्रँडच्या नावाची कागदी पट्टी सुरुवातीलाच ओरबाडू नका. सिगार गरम झाल्यावर तिचा डिंक सैल होतो, तेव्हा ती रॅपर न फाटता निघते.

---

देरा_दुबई

खोक्याबद्दल मी लिहितो, इकडे रोजचं बघणं आहे.

खोकं पालथं करा. तळाला तीन ओळी डागलेल्या असतात: हबानोस एस. ए. (क्यूबन सिगार विकणारी कंपनी), हेचो एन कूबा (क्यूबात बनवलेलं), तोतालमेन्ते आ मानो (पूर्णपणे हाताने). ह्या लाकडात भाजून उमटवलेल्या हव्यात. बोट फिरवलं की खोलगटपणा लागतो. छापलेल्या असतील तर विषय संपला. 'हबानोस एस. ए.' ही ओळ १९९४ नंतरच्याच खोक्यांवर सापडेल, कारण ती कंपनीच त्या वर्षी निघाली. त्याशेजारी शाईच्या शिक्क्याने कारखान्याची तीन अक्षरं आणि खाली महिना-वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये असतो, म्हणजे जानेवारीला 'एने', एप्रिलला 'अब्र', ऑगस्टला 'अगो', डिसेंबरला 'दिक'. या चार महिन्यांना इंग्रजी नावांची आद्याक्षरं दिसली तर खोकं खोटं. हा शिक्का थोडा वाकडा, पुसट असला तरी घाबरू नका, तो हाताने मारतात. उलट नकली खोक्यांवर तो अगदी देखणा असतो.

पुढच्या बाजूला हिरवं-पांढरं सरकारी हमीचं सील. साधारण २०१० पासून त्यावर बारकोड आणि होलोग्राम येतो. तळावर त्याच्या बऱ्याच नंतरचं वर्ष आणि सील मात्र जुन्या पद्धतीचं, असं असेल तर कोणीतरी जुळवाजुळव केलेली आहे. बारकोडचा आकडा हबानोसच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पण एकच खरा आकडा शेकडो नकली खोक्यांवर छापणं अवघड नाही, म्हणून 'आकडा बरोबर निघाला' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आकडा चुकीचा निघाला तर मात्र निकाल पक्का.

आता झाकण उघडा. कारखान्यात सिगार रंगाने निवडून लावतात, वरच्या ओळीत डावीकडे किंचित गडद आणि उजवीकडे फिके. फरक बारीक असतो, पण एका ओळीत मधेच काळपट, मधेच पिवळट असं कधीच नसतं. सगळ्या पट्ट्या एका रेषेत आणि दर्शनी बाजू वर. सगळ्यांची लांबी सारखी. मॉन्टेक्रिस्टो ४ ची १२९ मिमी, मोजपट्टी घेऊन मोजा. एखादा मिमी मागेपुढे असेल तर सोडा. पेटवायच्या टोकाकडून बघा: पानं दुमडलेली, लांब, घड्या घातल्यासारखी दिसली पाहिजेत. तंबाखूचा चुरा, जाड शिरा, काड्या दिसल्या तर तो पूर्ण पानांचा सिगार नाही. पट्टीवरची अक्षरं भिंगातून बघा. कोहिबाच्या पट्टीवरचे पांढरे चौकोन सगळे एका मापाचे आणि कडेला एकाच जागी कापलेले असतात, अक्षरं बोटाला उठावदार लागतात. नकलीत चौकोन लहानमोठे आणि कड फरपटलेली.

एक गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. १९६० मध्ये क्यूबात कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, जुने मालक बाहेर पडले, आणि मॉन्टेक्रिस्टो, रोमिओ इ हुलिएता, पार्तागास, ओयो दे मोंतेरेई ही नावं दोन घरांत वाटली गेली. त्यामुळे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बनलेला मॉन्टेक्रिस्टो हाही अस्सलच आहे, फक्त क्यूबन नाही. क्यूबन पट्टीवर नावाखाली 'हबाना' असतं. तुमच्या खोक्यावर ते नसेल आणि तळाला डोमिनिकनचा उल्लेख असेल तर फसवणूक झाली असं लगेच समजू नका. किती पैसे मोजले त्यावर ते ठरेल.

आणि जो कोणी 'हवानाच्या कारखान्यात मेहुणा आहे, कामगारांच्या वाट्याचा माल आहे' असं सांगतो त्याला नमस्कार करून पुढे जावं. ही कथा हवानाच्या रस्त्यावर पर्यटकांना रोज ऐकवली जाते.

भारतात येताना सामानात शुल्कमुक्त मर्यादा २५ सिगार, किंवा १०० सिगारेट, किंवा १२५ ग्रॅम तंबाखू. 'किंवा' आहे, 'आणि' नाही. विमानाच्या केबिनची हवा फार कोरडी असते, तेव्हा खोक्याला झिप-लॉकमध्ये घालून आत एक छोटा पॅक टाका.

---

चहाबाज

इथल्या दुकानातून घेणाऱ्यांसाठी. रीतसर आयात झालेल्या खोक्यावर भारतीय सचित्र इशारा असतोच, दर्शनी भागाच्या ८५ टक्के जागेवर, आणि आयातदाराचं नाव-पत्ता व किंमतही. खोकं बघायला विद्रूप होतं हे खरं. पण तोच कागद सांगतो की माल सरळ मार्गाने आलाय. इशारा नसलेलं 'स्वच्छ' खोकं कोणाच्या तरी बॅगेतून आलेलं. ते अस्सल असू शकतं; पण मधले सहा महिने ते कुठल्या गोदामात किती अंशांत पडलं होतं हे कोणालाच ठाऊक नसतं.

दुकानात गेलात की आधी ह्युमिडोरमधला हायग्रोमीटर बघा आणि रात्री एसी बंद करता का, हे सरळ विचारा. सिगार काचेच्या कपाटात, दिव्याखाली, पानपट्टीच्या गादीशेजारी असतील तर नाव कितीही मोठं असो, घेऊ नका. सुटा सिगार हातात घेऊन अंगठा आणि तर्जनीत तोंडापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जा. सारखा लवचिक लागला पाहिजे. एका जागी दगडासारखा कडक असेल तर तिथे धूर अडणार, एका जागी पोकळ असेल तर तिथे भसकन जळणार. खोकं घेण्याआधी त्यातलाच एक सुटा घ्या. आणलेला सिगार त्याच दिवशी पेटवू नका, दोन-तीन आठवडे डब्यात विसावू द्या.

---

दर्यावर्दी

ऋतूंचं राहिलं होतं.

उन्हाळ्यातला खरा शत्रू कोरडेपणा नाही, तापमान. तंबाखूच्या पानात किड्याची अंडी असू शकतात. हळदीत, मिरचीत, धण्यात जो दोन-तीन मिमीचा तपकिरी किडा होतो, तोच हा. क्यूबाहून निघताना माल गोठवून पाठवतात, पण पुढच्या प्रवासाची आणि बाकी देशांच्या मालाची खात्री कोण देणार? २४-२५ अंशांच्या वर अंडी फुटतात, अळी आतून पोखरत जाते आणि रॅपरवर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक पाडून किडा बाहेर येतो. एका सिगारमध्ये सुरू झालं की शेजारच्यात जातो. म्हणून डबा मसाल्याच्या कपाटात तर बिलकूल ठेवू नका.

नवीन येणारा प्रत्येक सिगार आधी गोठवा, असं माझं ठाम मत आहे. दोन झिप-लॉक पिशव्या एकात एक, जमेल तेवढी हवा काढून. एक दिवस फ्रिजच्या खालच्या भागात, मग फ्रीजरमध्ये. उणे २० ला तीन दिवस सांगतात, पण घरचा फ्रीजर वारंवार उघडला जातो, म्हणून पाच ते सात दिवस धरा. पुन्हा एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग बाहेर आणून पिशवी न उघडता पाच-सहा तास. पायऱ्या गाळल्या तर रॅपर तडकतो, आणि पिशवी थंड असतानाच उघडली तर सिगारवर दव धरतं. बर्फ साठणारा जुना फ्रिज असेल, फ्रीजर जेमतेम उणे पाच-सहा, तर त्यावर भरवसा ठेवू नका.

रोजच्या साठवणीसाठी: हवाबंद डबा थर्माकोलच्या खोक्यात घालून घराच्या आतल्या भिंतीलगत जमिनीवर ठेवा. पश्चिमेची भिंत आणि माळा टाळा, माळ्यावर चार-पाच अंश जास्तच असतात. रात्री एसी, दिवसा बंद, अशा खोलीत थर्माकोल चढउतार बराच पचवतो. छोटा वाइन फ्रिज घेणार असाल तर थर्मोइलेक्ट्रिक प्रकार खोलीपेक्षा साधारण १२-१५ अंशच खाली जातो. पुण्याच्या मे महिन्यात ३८ च्या खोलीत तो कसाबसा २४-२५ धरेल, आणि मागच्या पत्र्यावर पाणी सुटेल. सिगार त्या पत्र्याला टेकू देऊ नका.

पावसाळ्यात लाकडी डबा सगळ्यात आधी हार मानतो. बाहेर ८५-९०, गळक्या झाकणातून ओल आत, पॅक पाणी ओढून टम्म फुगतो आणि मग त्याच्याकडून काही होत नाही. फुगलेला पॅक एसीच्या खोलीत एक-दोन दिवस उघडा ठेवला की पुन्हा कामाला येतो. फुटून गळला तर मात्र फेका, त्यातलं मीठ रॅपरवर डाग पाडतं. डबा उघडताना खिडक्या बंद, काम झाल्याबरोबर झाकण. ओला सिगार सारखा विझतो, एका बाजूने जळतो, ओढायला जड आणि चव आंबट-कडू. तसं झालं तर ओढायच्या आधी एक-दोन दिवस ६२ च्या वेगळ्या डब्यात ठेवा.

पांढरं काही दिसलं तर ती बुरशीच समजा. 'तो सिगारचा मोहोर, उत्तम मुरल्याची खूण' असं दुकानदार सांगतात. मला ते विक्रीचं बोलणं वाटतं. रॅपरवर थोडे ठिपके असतील तर कोरड्या ब्रशने, घराबाहेर, पुसून वेगळा ठेवा. पेटवायच्या टोकात शिरली असेल किंवा हिरवी-निळी असेल तर कचऱ्यात.

---

संपादक मंडळ

धागा माहितीपर आहे म्हणून ठेवत आहोत. विक्री, भाव किंवा 'कुठे मिळेल' याचे संपर्क इथे देऊ नयेत. तंबाखू सिगारच्या रूपातही घातक आहे. धूर छातीत न घेतल्याने तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही.

---

कर्वेरोडकर

सगळ्यांचे आभार. मिठाच्या चाचणीत काटा ९० वर गेला. म्हणजे माझे ७२ हे खरे ५७ होते. खोक्याच्या तळाला डागलेल्या तीन ओळी आहेत, महिना 'अगो', पट्टीवर 'हबाना', लांबी १२९. सीलवर होलोग्राम आहे. डबा आणि ६५ चे पॅक मागवलेत.

आता शंका अशी: सिगार आधीच कोरडे आहेत. आधी ओल देऊ की आधी गोठवू? आणि रोबुस्टोंचं सेलोफेन काढू का?

---

दर्यावर्दी

आधी गोठवा. ओल्या सिगारमधलं पाणी गोठताना फुगतं, तेव्हा तडकण्याची भीती त्यालाच जास्त. कोरडा त्या मानाने सुरक्षित. सगळे ३० एकदमच करा, कारण ते एकत्र राहिलेत. तोवर ह्युमिडोर रिकामा करून कोपऱ्यांत तपकिरी भुकटी आहे का बघा. मैद्यासारखी बारीक भुकटी दिसली तर एकेक सिगार उलटून भोकं शोधावी लागतील.

मग लगेच ६५ वर नका नेऊ. ६२ चा पॅक टाकून तीन-चार आठवडे, नंतर ६५. घाई केली तर आतलं फिलर, म्हणजे मधली पानं, फुगतं आणि वरचा रॅपर, जो कोरडेपणाने ताण गमावून बसलाय, उभा फाटतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक सिगार पाव वळसा फिरवा, पॅकजवळचे लांब आणि लांबचे जवळ करा. करकर थांबली की समजा मार्गी लागलं. सुगंधी तेलं उडाली असतील तर ती मात्र परत येत नाहीत, चव थोडी फिकी राहील.

---

लाकूडकाम

सेलोफेन असू द्या. त्यातून ओल आत-बाहेर होते, फक्त सावकाश, आणि एखाद्यात किडा निघालाच तर तो आतच अडकतो. क्यूबन उघडे असतात म्हणून ते डब्याच्या एका बाजूला, मधे लाकडी पत्रा, असं लावा. उद्या कोणी व्हॅनिला किंवा कॉफीच्या वासाचे सिगार भेट दिले तर त्यांना ह्या डब्यात जागा नाही; वेगळी बरणी, वेगळा पॅक.